देव उठून गेल्यावरची जत्रा: रँडल पार्क मॉल का मेला?

दर तीन वर्षांनी मे महिना लागला की आमच्या फ्रिजवर आईची यादी चिकटायची. सांगलीच्या काकूंना नॉनस्टिक तवा, दादरच्या मावशीला टॉवेल (पांढरे नकोत, मळतात), आजोबांना दाढीची ब्लेडं, शेजारच्या वहिनींना 'काहीतरी वासाचं'. माणशी दोन बॅगा आणि बॅगेला सत्तर पौंड ही विमान कंपनीची मर्यादा. बाबा बॅग हातात धरून बाथरूममधल्या काट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे. भारतात जायचा आनंद मला तिकिटं हातात आली की होत नसे, ती यादी घेऊन आम्ही मॉलमध्ये निघालो की व्हायचा.

मॉलचं नाव रँडल पार्क. गाव नॉर्थ रँडल, राज्य ओहायो, क्लीव्हलँड शहराच्या आग्नेयेला. आम्ही जवळच्याच बेडफर्डमध्ये राहायचो. बाबा इंजिनीअर. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर जे हजारो भारतीय तिकडे गेले त्यांतले एक. क्लीव्हलँडच्या हिवाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून शनिवार मॉलमध्ये जायचा. आई साडीवर जाडजूड कोट घालून ऊबदार मजल्यांवर दोन-दोन तास फिरायची आणि निम्म्या वेळा काही न घेता परत यायची. ओळखीचं कोणी भेटलं की बाकावर बसून मराठीत गप्पा. आम्ही पोरं डिपार्टमेंट स्टोअरच्या सरकत्या जिन्यावरून वर-खाली करत राहायचो. बाबा मात्र सिअर्सच्या हत्यारांच्या विभागात सापडायचे. क्राफ्ट्समनचा पाना मोडला तर आयुष्यभर बदलून मिळेल अशी तेव्हा हमी असे, आणि 'आयुष्यभर म्हणजे कुणाच्या?' हा बाबांचा आवडता विनोद होता.

तो मॉल आज नाही. २००९ साली तो बंद झाला, २०१४च्या अखेरीस पाडायला सुरुवात झाली, आणि २०१८ पासून त्या जागी अ‍ॅमेझॉनचं गोदाम उभं आहे. ही गोष्ट सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, "हं, ऑनलाइनने मारलं." ते खरं नाही. २००९ साली अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा सुमारे चार टक्के होता. चार टक्क्यांनी एवढं धूड मरत नाही. अ‍ॅमेझॉन तिथे आली ती जागा रिकामी झाल्यावर, नऊ वर्षांनी.

मग मेला कशाने? त्यासाठी आधी मॉल चालतो कसा ते बघावं लागेल, कारण मॉल बाजारपेठेसारखा दिसत असला तरी बाजारपेठ नसतो.

घोड्यांचं गाव

नॉर्थ रँडल हे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव. १९०८ साली ते वेगळं गाव म्हणून नोंदवलं गेलं ते घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानामुळे. तिथे शर्यतींची दोन मैदानं होती, रँडल पार्क आणि थिसलडाउन. यंग्सटाउनचे बांधकाम उद्योजक एडवर्ड डीबार्टोलो यांच्याकडे थिसलडाउनची मालकी होती. मॉल बांधण्यात अमेरिकेत त्यांचा हात धरणारे फार थोडे. रँडल पार्कच्या मैदानाच्या जागी त्यांनी मॉल बांधला आणि ११ ऑगस्ट १९७६ रोजी तो उघडला. क्षेत्रफळ वीस लाख चौरस फुटांच्या वर, दुकानं दोनशेच्या आसपास, आणि 'जगातला सर्वांत मोठा मॉल' अशी जाहिरात. घोड्यांचं नाव मॉलला चिकटलं ते असं. दोन मोठे महामार्ग जवळच एकमेकांना मिळतात, म्हणजे गाडी असली की चारी बाजूंनी माणूस येणार.

हजार माणसांच्या गावात दोनशे दुकानं. हे गणित ऐकूनच शंका यायला हवी होती. पण तेव्हा सगळ्या देशातच हे चालू होतं.

अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल १९५६ साली मिनेसोटातल्या इडायना गावात उघडला. नाव साउथडेल. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हे व्हिएन्नाचे ज्यू, १९३८ मध्ये नाझींपासून पळून अमेरिकेत आलेले. त्यांच्या डोक्यात व्हिएन्नाचा चौक होता. मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग असं सगळं यावं आणि लोकांनी पायी यावं अशी त्यांची कल्पना. बांधणाऱ्यांनी त्यातला मॉल तेवढा उचलला आणि भोवती घरांऐवजी गाड्या उभ्या केल्या. म्हातारपणी ग्रुएन व्हिएन्नाला परतले, तर तिथेही शहराच्या दक्षिणेला एक मॉल उभा राहिला. तोही १९७६ सालीच. या अपत्यांचं पितृत्व त्यांनी शेवटी जाहीरपणे नाकारलं.

हे मॉल इतक्या झपाट्याने उठले त्यामागे एक रुक्ष कारण आहे, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. घसारा. इमारत दरवर्षी थोडी जुनी होते, म्हणून तिची किंमत कागदावर थोडी घटवून तेवढा खर्च नफ्यातून वजा दाखवता येतो. समजा इमारत एक कोटीची आणि आयुष्य चाळीस वर्षांचं, तर वर्षाला अडीच लाख. १९५४ साली अमेरिकेने नियम बदलला आणि नव्या बांधकामावर सुरुवातीच्या वर्षांत घसारा जास्त दाखवायची मुभा दिली. आपल्या उदाहरणात पहिल्याच वर्षी पाच लाख. म्हणजे इमारत प्रत्यक्षात भाडं कमावतेय, कागदावर तोटा दाखवतेय, आणि त्या तोट्याने मालकाचा दुसरीकडचा करही वाचतोय. काही वर्षांत हा फायदा आटला की ती विकायची आणि नवी बांधायची. जुन्या पेठेतलं दुकान दुरुस्त करणाऱ्याला यातलं फारसं काही मिळत नव्हतं. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, सरकारने देशभर महामार्गांचं जाळं विणायला पैसा मंजूर केला. एकीकडे शेतात बांधलंत तर करात सूट, दुसरीकडे त्या शेतापर्यंत सरकारी खर्चाने रस्ता. लोकांना मॉल 'हवेच' होते असं म्हणतात. असतील. पण असा पाट वाढून ठेवला तर कोण जेवायला बसणार नाही?

देव आणि दुकानदार

मॉलचं आतलं अर्थकारण समजायला आपल्याकडची जत्रा डोळ्यासमोर आणा. मधे देऊळ. भोवती खेळणी, बांगड्या, भजी, पेढे. लोक येतात देवासाठी, पैसे खर्च करतात बांगड्यांवर. जागेचं भाडं भरतो तो बांगडीवाला. देवाला कोणी भाडं मागत नाही.

मॉलमधले देव म्हणजे मोठी डिपार्टमेंट स्टोअरं. धंद्याच्या भाषेत अँकर. रँडल पार्कमध्ये असे पाच होते: सिअर्स, जेसी पेनी, मे कंपनी, हिग्बीज आणि हॉर्न्स. मॉल बांधताना अशा अँकरांना अक्षरशः पायघड्या घालतात. भाडं नाममात्र, कधी कधी तर जमीन आणि इमारत त्यांच्याच मालकीची करून देतात. बदल्यात ते एक वचन देतात की इतकी इतकी वर्षं इथे दुकान चालू ठेवू. बुटांची, कॅसेटांची, पॉपकॉर्नची छोटी दुकानं मात्र चौरस फुटामागे भरपूर भाडं मोजतात, वर विक्रीतला हिस्सा देतात, शिवाय झाडलोट, हीटिंग, पार्किंगमधला बर्फ उपसणं यांचा सामाईक खर्च उचलतात. आई दोन तास फुकट ऊब खात फिरायची त्याचं बिल एखादा कानातल्यांचा दुकानदार भरत होता.

आता त्या छोट्या दुकानदाराचा करार बघा. तो काही खुळा नसतो. तो लिहून घेतो की पाचपैकी अमुक इतके देव जागेवर असतील तोवरच मी पूर्ण भाडं देईन. देव उठला तर भाडं अर्ध्यावर, आणि ठरावीक काळात नवा देव बसवला नाहीत तर मी कुलूप लावून जाईन, दंड नाही. एकट्या दुकानदाराच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं कलम आहे. पण दोनशेतल्या पुष्कळांच्या करारांत ते असेल तर एक देव उठण्याची वाट पाहत सगळेच दाराशी चपला घालून उभे असतात.

तुळशीबाग घ्या, किंवा कोल्हापूरची महाद्वार रोड घ्या. तिथे एखादं जुनं नामांकित दुकान बंद पडलं तर हळहळ होते, चार दिवसांनी तिथे कुर्त्या लागतात. शंभर मालक, शंभर नशिबं. एकाच्या बुडण्याने दुसऱ्याचा करार बदलत नाही. अशी पेठ म्हातारी होते, खंगते, पण अमुक तारखेला मेली असं तिच्याबद्दल सांगता येत नाही. मॉलच्या बाबतीत मात्र तारीख सांगता येते. (आपल्याकडे मुंबई-पुण्यात काही मॉल उलट्या दुखण्याने गेले. तिथे गाळे एकेकाला विकून टाकले, मग कुठल्या मजल्यावर काय असावं हे ठरवायला आणि लिफ्ट दुरुस्त करायला कोणी एक धनीच उरला नाही. तो वेगळा विषय आहे, पण एका मालकाचा मॉल वाईट म्हणून अनेकांचा चांगला, असं निघत नाही.)

रँडल पार्कचे देव कसे उठले? गंमत म्हणजे बरेचसे त्या मॉलमधल्या विक्रीमुळे उठलेच नाहीत. ते विलीनीकरणात गेले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉर्न्स गेलं. १९९२ मध्ये हिग्बीजचं डिलर्ड्स झालं, पुढच्या वर्षी मे कंपनीचं कॉफमन्स, आणि २००६ मध्ये त्याचं मेसीज. एका छताखाली पाच वेगवेगळी घराणी होती, ती देशभरच्या दोन-तीन कंपन्यांत जिरत गेली. दूर कुठल्या तरी मुख्यालयात कोणीतरी यादी घेऊन बसतो. या शहरात आपली आठ दुकानं आहेत, पाच ठेवू. कुठली पाच? ज्यांच्या भोवतालचं उत्पन्न वाढतंय ती. जेसी पेनी २००१ मध्ये गेलं, मग डिलर्ड्स, २००८ मध्ये मेसीज, आणि २००९ मध्ये सिअर्स. दरम्यान डीबार्टोलो १९९४ मध्ये वारले, १९९६ मध्ये त्यांची कंपनी सायमन या दुसऱ्या मोठ्या मॉल कंपनीत मिसळली, आणि सायमनच्या शेकडो मॉलांच्या यादीत रँडल पार्क ही एक ओळ झाली.

गिऱ्हाईक कुठून आलं, कुठे गेलं

आता खरा मुद्दा. त्या यादीवर रँडल पार्कच्या नावापुढे काट का बसली?

क्लीव्हलँड शहराची लोकसंख्या १९५० साली ९ लाख १४ हजार होती. १९८० साली ५ लाख ७४ हजार. २०१० साली ३ लाख ९७ हजार. तुम्ही म्हणाल, उपनगरांत गेले असतील. गेले, पण सगळे नाहीत. क्लीव्हलँड ज्यात येतं तो कायहोगा जिल्हा उपनगरांसकट १९७० मध्ये १७ लाख २१ हजारांचा होता, तो २०१० मध्ये १२ लाख ८० हजारांवर आला. मॉल उघडला त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७७ मध्ये, डीबार्टोलोंचं गाव असलेल्या यंग्सटाउनमधल्या एका पोलाद कारखान्याने हजारो कामगारांना घरी पाठवायचं जाहीर केलं. त्या दिवसाला तिथले लोक अजून 'काळा सोमवार' म्हणतात. डिसेंबर १९७८ मध्ये क्लीव्हलँड महापालिकेने बँकांची कर्जं थकवली, म्हणजे शहर अक्षरशः नादार झालं. जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा मॉल अशा मुहूर्तावर, अशा ठिकाणी उघडला होता.

तरी पहिली वीस वर्षं तो तुडुंब का चालला? कारण त्याने इतरांची गिऱ्हाइकं आणली. क्लीव्हलँडच्या मध्यवस्तीत युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवर हॅलीज, हिग्बीज, मे कंपनी अशी भव्य दुकानं होती. हॅलीज १९८२ मध्ये मिटलं. शेजारच्या मेपल हाइट्समध्ये १९५५ पासून साउथगेट नावाचा मोठा बाजार होता, क्लीव्हलँड हाइट्समध्ये १९६३ पासून सेव्हरन्स सेंटर. माणसं वाढत नसताना आणखी वीस लाख चौरस फूट दुकानं आली, तर ती कुणाच्या तरी पोटावर पाय देऊनच भरणार. एकच घागर आहे, तिला नवं भोक पाडलं की पाणी जोरात येतं. पण घागरीत पाणी वाढलेलं नसतं.

आणि मग कोणीतरी आणखी भोकं पाडतं. बीचवुड प्लेस १९७८ मध्येच उघडला होता, गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर, श्रीमंत वस्तीत. १९९७ मध्ये तिथे नॉर्डस्ट्रॉम हे महागडं डिपार्टमेंट स्टोअर आलं. १९९६ मध्ये स्ट्राँग्सव्हिलला साउथपार्क उघडला. २००३ मध्ये लिंडहर्स्टला लेगसी व्हिलेज उघडलं, आणि त्याला तर छतच नव्हतं! मॉलवाल्यांनी पन्नास वर्षांनी पुन्हा उघड्या रस्त्यावरची दुकानं विकायला काढली. रँडल पार्कने साउथगेटचं जे केलं तेच त्याचं झालं. त्यामुळे त्याच्या मरणाला मी 'ऱ्हास' म्हणायला बिचकतो. मॉल मेला त्याच रोगाने तो जन्मला होता.

पण गिऱ्हाईक कुठल्या दिशेला सरकतं, हे पाण्यासारखं उतारावर ठरत नाही. इथे रंगाचा विषय येतो, आणि तो टाळून ही गोष्ट सांगणारे खोटं बोलतात. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. जिथे कृष्णवर्णीय राहत ते भाग जवळपास सरसकट लाल, म्हणजे 'कर्ज धोक्याचं'. क्लीव्हलँडचाही असा नकाशा आहे. दोन-तीन पिढ्या त्या भागांत घर घ्यायला, दुरुस्त करायला सरळ कर्ज मिळत नव्हतं. १९६८ मध्ये घरांच्या बाबतीतला भेदभाव कायद्याने बंद झाल्यावर नोकरदार कृष्णवर्णीय कुटुंबं आग्नेयेकडच्या उपनगरांत, वॉरन्सव्हिल हाइट्समध्ये, बेडफर्डकडे येऊ लागली. मुलांसाठी चांगली शाळा आणि अंगण, हे आमच्या आईबाबांना हवं होतं तेच त्यांनाही हवं होतं. ती आली तसे गोरे पुढे सरकले. घर विकणारे एकदम वाढले की भाव पडतो, भाव पडला की उरलेलेही घाबरून विकतात. त्या भीतीवर दलाली कमावणारेही होते.

नव्वदच्या दशकात मॉलबद्दल एक वाक्य ऐकू यायला लागलं: "तो मॉल आता तसा राहिला नाही." तसा म्हणजे कसा, हे कोणी सांगत नसे. आमच्याच मंडळींच्या पॉटलकमध्ये, बटाटेवड्यांच्या ट्रेजवळ, मी ते मराठीत ऐकलंय. त्याच काळात आम्ही बेडफर्ड सोडून क्लीव्हलँडच्याच सोलन या उपनगरात गेलो. कारण विचाराल तर शाळा. भारतीय कुटुंबं तेव्हापासून सोलनला जातच आहेत आणि कारण विचारलं तर सगळे शाळाच सांगतात. बाबांना दुष्ट हेतू चिकटवणं मला जमणार नाही, त्यांना माझं गणित सुधारायचं होतं. पण भारतात न्यायचे टॉवेल त्यानंतर आम्ही बीचवुडहून आणायला लागलो हेही खरं आहे. रँडल पार्कचं एक गिऱ्हाईक कमी झालं ते आमच्या घराच्या रूपाने.

मॉलने तगून राहायचा प्रयत्न केला. १९९९ च्या सुमारास बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांच्या नावाची चित्रपटगृहं तिथे आली, कृष्णवर्णीय वस्तीत कोणी गुंतवणूक करत नाही हा समज मोडायला. एका रिकाम्या अँकर इमारतीत मोटरसायकल दुरुस्ती शिकवणारी संस्था आली. मला ती कल्पना अजूनही आवडते. पण शंभर-दोनशे शिकाऊ मेकॅनिक म्हणजे देव नव्हेत. त्यांच्यासाठी लांबून कोणी दर्शनाला येत नाही.

गावाला काय भोगावं लागलं

ओहायोत शहरं आणि गावं मुख्यतः जगतात ती उत्पन्नावरच्या स्थानिक कराने, आणि हा कर आधी मिळतो तो माणूस जिथे काम करतो त्या गावाला. म्हणजे आपल्याकडे असा कर असता, तर बदलापूरला राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याचा कर मुंबई महापालिकेकडे गेला असता. दुकानांतल्या विक्रीवरचा कर मात्र राज्याकडे आणि जिल्ह्याकडे जातो. आता नॉर्थ रँडल बघा. रहिवासी हजारभर आणि मॉलमध्ये काम करणारे त्याच्या कितीतरी पट. त्या सगळ्यांच्या पगारातला थोडा थोडा भाग या चिमुकल्या गावाच्या तिजोरीत. अशा गावाला आपण श्रीमंत आहोत असं वाटणं साहजिक होतं.

दुसरा कर मालमत्तेवरचा, आणि त्यातला मोठा वाटा शाळांचा. अमेरिकेतल्या शाळांची गुणवत्ता पिनकोडवर का ठरते त्याचं हे उत्तर आहे. नॉर्थ रँडलची मुलं वॉरन्सव्हिल हाइट्सच्या शाळांत जातात. मॉल भरभराटीत असताना वीस लाख चौरस फुटांवरचा कर त्या शाळांना मिळत होता. मॉल रिकामा होऊ लागला की मालक मूल्यांकन कमी करून मागतो, आणि भाडंच येत नसलेल्या इमारतीची किंमत खरोखरच कमी असते. शाळेचा वाटा घटतो. मग शाळेला तेवढाच पैसा हवा असेल तर घरमालकांकडून जास्त दराने घ्यावा लागतो. ज्यांना परवडतं ते निघून जातात, घरांचे भाव आणखी पडतात, आणि उरलेल्यांवर दर आणखी चढतो. परिसर 'आपोआप' खालावला असं लोक बोलतात. इथे आपोआप काही झालं नाही. प्रत्येक पायरीला एक कागद आहे आणि कागदावर सही आहे.

त्यात २००७-०८ चं गृहकर्जाचं संकट आलं. सुरुवातीला कमी व्याज दाखवून नंतर भरमसाट वाढणारी कर्जं या जिल्ह्यात घरोघर विकली गेली होती. क्लीव्हलँडमधला स्लाविक व्हिलेज हा भाग तर जप्त घरांसाठी देशभर कुप्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी लाल रेघेमुळे कर्जच मिळत नव्हतं, त्यांच्या गळ्यात आता नको असलेलं कर्ज. मॉल बंद झाला तो नेमका त्यानंतरच्या हिवाळ्यात.

मला २००९ नंतरचं एक दृश्य आठवतं. हायवेवरून दिसणारं पार्किंग. पूर्वी आम्ही तिथे गाडी लावली की बाबा खांबावरचं अक्षर पाठ करून ठेवायला सांगायचे, नाहीतर सापडायची नाही. आता त्या डांबरातून गवत आलं होतं. पार्किंगची जागा मॉलपेक्षा मोठी असते हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. ग्रुएनच्या चौकात जिथे घरं असायची होती ती ही जागा. भोवती कोणी राहत असतं तर मॉल गेला तरी किराण्याचं एखादं दुकान, एखादा न्हावी टिकला असता. मोकळ्या डांबरावर काहीच टिकत नाही.

२०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनची घोषणा झाली, राज्याने करसवलत दिली, आणि पुढच्या वर्षी साडेआठ लाख चौरस फुटांचं गोदाम सुरू झालं. दोन हजारांवर नोकऱ्या आल्या. गावाच्या तिजोरीत पगारावरचा कर पुन्हा यायला लागला, तेव्हा नाक मुरडायचा अधिकार निदान सोलनच्या माणसाला नाही. हा प्रकार एकट्या रँडल पार्कचा नाही. पूर्वेकडच्या युक्लिड स्क्वेअर मॉलच्या जागी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन, आक्रनच्या रोलिंग एकर्स मॉलच्या जागी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन. कारण सरळ आहे. महामार्गाच्या तोंडाशी सपाट, मोठी, एकत्र जमीन हवी असते, आणि साठ-सत्तरच्या दशकांत मॉलवाल्यांनी नेमकी तीच शोधून ठेवली होती. फरक इतकाच की पूर्वी त्या रस्त्याने गिऱ्हाईक मालाकडे यायचं, आता माल गिऱ्हाइकाकडे जातो. अँकर पुन्हा आहे, पण एकच, आणि तो कुठल्या कराराने किती वर्षं बसलाय हे गावाने नीट वाचलं असावं अशी माझी आशा आहे.

गेल्या उन्हाळ्यात आईला डॉक्टरांकडून परत आणताना नॉर्थफील्ड रोडने मुद्दाम गाडी घातली. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. पांढऱ्या-करड्या लांबच लांब भिंतीकडे पाहत ती काही अंतरांचा हिशेब करत होती. "थिसलडाउन इकडे, म्हणजे पेनीज त्या कोपऱ्यात. टॉवेल वरच्या मजल्यावर होते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मावशीकडे त्यातला एक अजून आहे. पुसणं केलंय त्याचं." रस्त्याच्या पलीकडे थिसलडाउनच्या पार्किंगमध्ये बऱ्याच गाड्या लागल्या होत्या. त्या दिवशी शर्यती होत्या.